गाव सांगण्याचे दोन गुण

लोकांचं बोलणं ऐकायचं आणि त्याला मार्क द्यायचे, या कामाचा मला पगार मिळत असे. "गुणवत्तेच्या दृष्टीने हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो," असं फोनच्या सुरुवातीला कुणीतरी सांगतं आणि आपण कुणीही ते मनावर घेत नाही. त्या वाक्यातली ‘गुणवत्ता’ म्हणजे मी. आमच्या ह्यांना हे कधी नीट पटलंच नाही. घरी पाहुणे आले की ते सांगायचे, "हिची नोकरी न्यू टाउनला आहे, कॉम्प्युटरमध्ये." मीही दुरुस्त करत बसत नसे, कारण खरं सांगितलं तर पाहुणे आपापलं बोलणं आवरतं घेतात, असा अनुभव होता.

आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिकात मी आजवर लिहिलं ते सगळं फराळाबद्दल. यंदा संपादकांनी बजावलं, "काकू, चकली पुरे. नोकरीबद्दल लिहा." तर लिहिते.

ह्यांची बदली फोर्ट विल्यमच्या कचेरीत झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो. तीन वर्षांत परत जायचं या बोलीवर मी मिरजेहून भांडी बांधून आणली होती. पुढे बदल्या टळत गेल्या, मुलं इथल्या शाळांत रमली आणि भांड्यांना इथेच पोचे पडले. दर रविवारी मंडळात मी मुलांचा मराठीचा वर्ग घेत असे. घरात मराठी, रस्त्यावर बंगाली, शाळेत इंग्रजी आणि वॉचमनशी हिंदी अशी ती मुलं. त्यांना ‘ळ’ म्हणायला लावताना माझ्या नाकी नऊ यायचे. त्याच वर्गाच्या जोरावर पुढे मला नोकरी लागली.

झालं असं, की न्यू टाउनमधल्या एका कंपनीने मुंबईच्या एका विमा कंपनीचे फोन घेण्याचं काम मिळवलं. देशभरातल्या गिऱ्हाइकांचे फोन, ज्याच्या त्याच्या भाषेत. म्हणजे जत तालुक्यातल्या शेतकऱ्याने हप्त्याची चौकशी करायला फोन लावला, की तो वाजणार इथे न्यू टाउनच्या एका काचेच्या इमारतीत. तिथे मराठी बोलणारी माणसं हवीत, तर ती आणायची कुठून? त्यांनी मंडळाच्या फलकावर जाहिरात लावली. बँकेत बदलून आलेल्यांच्या बायका, एक निवृत्त सुभेदार, इथेच जन्मलेली चार-दोन मुलं, असा आमचा मराठी डेस्क उभा राहिला. शेजारच्या बंगाली डेस्कने आमचं नाव ठेवलं ‘बर्गी डेस्क’. मराठी घोडेस्वारांनी कधीकाळी बंगालवर ज्या धाडी घातल्या, त्यांची इथे अजून आठवण आहे. आम्ही कँटीनमध्ये शिरलो की आमचे मॅनेजर अनिर्बाण ओरडायचे, "बर्गी आले, माछ लपवा!" आमच्यातल्या निम्म्या बायका शाकाहारी, पण विनोद चालू राहिला.

मला फोनवर बसवलं नाही. माझं मराठी तपासून त्यांनी मला परीक्षक केलं. रोज काही कॉल निवडून ऐकायचे आणि एका तक्त्यावर गुण द्यायचे. नमस्कार केला का, नाव सांगितलं का, ओळख पटवून घेतली का, समोरच्याला मध्येच तोडलं का, उत्तर बरोबर दिलं का. मधे शांतता पडली तर गुण कापायचे. तिला ‘डेड एअर’ म्हणतात, मेलेली हवा. आणि काही चुका अशा, की त्यातली एकही घडली तर बाकी सगळं सोन्यासारखं असलं तरी पूर्ण कॉलला शून्य. त्यांना ‘फेटल’ म्हणतात. आपण कुठल्या शहरातून बोलतो हे सांगणं, ही अशीच एक फेटल चूक.

हा नियम ऐकून बाहेरचे हसतात. मी हसत नाही, कारण तो कशामुळे आला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे विनायक नावाचा मुलगा होता, बोलका आणि मायाळू. एका निवृत्त मास्तरांशी त्याचं सूत जुळलं. त्याने आपण कोलकात्याला असतो हे सांगितलं, आपल्या साहेबांचं नाव सांगितलं, दुर्गापूजेचं वर्णन केलं. मास्तर गावभर सांगत सुटले, की विमा कंपनीत आपला विनायक आहे, कोलकात्याला. काही दिवसांनी त्यांना एक फोन आला. "मी कोलकात्याहून विनायकचा साहेब बोलतोय. मोबाइलवर आलेला आकडा सांगा." मास्तरांनी विश्वासाने सांगितला आणि त्यांचं खातं रिकामं झालं. पुढे विनायकने मास्तरांशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तेव्हा तो माझ्याशेजारी बसला होता. त्याने हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तेव्हापासून तो नियम माझ्या दृष्टीने दगडावरची रेघ होता.

मग मध्यंतरी या सगळ्या कामाचे निकष आले. म्हणजे देशभरातल्या उद्योगांनी मिळून ठरवलं, की फोनवर गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसाला नेमकं काय काय यायला हवं. एकेका कामाचे तुकडे पाडून लिहिलं, त्याची परीक्षा ठेवली, प्रमाणपत्र ठेवलं. लोकांनी नाकं मुरडली. मला मात्र तो कागद वाचताना भरून आलं होतं. तोवर आमच्या मुलांना घरचेसुद्धा ‘फोन उचलणारी पोरं’ म्हणायचे. त्या कागदात पहिल्यांदा लिहिलं होतं, की लक्ष देऊन ऐकणं हे एक कौशल्य आहे, ते शिकावं लागतं. एवढं साधं वाक्य कुणी आधी लिहिलं नव्हतं. विमा कंपनीने पुढे अट घातली, की ज्याच्याकडे प्रमाणपत्र असेल आणि ज्याचे तपासलेले कॉल ठरलेल्या सरासरीच्या वर असतील, त्याचाच करार पुढे चालू राहील. तिमाहीत एखादं जरी शून्य पडलं, तरी सरासरी तळाला जायची.

आता शर्वरीकडे येते.

शर्वरी माझ्या रविवारच्या वर्गातली. पणजोबांच्या काळापासून घर कोलकात्यात, राहायला बागबाजारला. वडील मराठी, आई बंगाली. वडील ती कॉलेजात असतानाच गेले. बागबाजार म्हणजे उत्तर टोकाचं जुनं कोलकाता. मराठ्यांच्या धास्तीने या शहराने जो खंदक खणायला घेतला, तो तिथून सुरू होत असे. सुभेदार तिला चिडवायचे, "खंदकाच्या आतली मराठी ही एकटीच!" ती हसायची. पण एका प्रश्नावर तिला हसू येत नसे. आपल्या मंडळात गणपतीला नवीन कुणी भेटलं, की दुसरं वाक्य काय असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. गाव कुठलं तुमचं? ती म्हणायची, कोलकाता. समोरची बाई म्हणायची, "अगं, ते राहता. गाव कुठलं?" मग ती पोर वडिलांना शोधायला पळायची. पणजोबांच्या गावाचं नाव तिला पाठ होतं, पण ते गाव तिने पाहिलेलं नव्हतं आणि तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. वडील गेल्यावर तिने गणपतीला येणंच कमी केलं.

तिचं मराठी कच्चं राहिलं, त्यात माझाही हात आहे असं ती म्हणते. "तुम्ही इतकं रागवायच्या, की मी तोंडच उघडत नव्हते." तरी मराठी डेस्कची जाहिरात पाहून ती पहिल्या दिवशी आली. मी विचारलं, तुला इंग्रजी डेस्कला जास्त पगार मिळेल, मग इथे का? ती म्हणाली, "काकू, बाबा गेल्यापासून माझ्याशी मराठी कोण बोलतो? इथे दिवसभर बोलतात." ती वाक्य जुळवताना थांबायची, त्या थांबण्याचे गुण मी नेमाने कापायचे, आणि गिऱ्हाईक मात्र तिच्यावर क्वचितच चिडायचं.

आणि मग यंत्र आलं.

त्याचं नाव ठेवलं होतं मधुरा. फोन लावला की आधी मधुरा उचलणार, तिला जमलं नाही तरच माणसाकडे देणार. तिची मराठी वाक्यं तपासायचं काम माझ्याकडे आलं. काही महिने मी तिचे उच्चार, तिचा नम्रपणा, तिचे ‘आपण’ आणि ‘कृपया’ घासूनपुसून लख्ख केले. ऐकून शर्वरी म्हणाली, "काकू, वर्गात तुम्हाला हीच मुलगी हवी होती."

मधुराने सोपे कॉल सगळे नेले. हप्ता भरला का, पावती कुठे मिळेल, पत्ता बदला. आम्हाला वाटलं, बरं झालं, डोक्याची कटकट गेली. पुढे कळलं, की ते सोपे कॉल म्हणजे आमचा श्वास होता. एक रडणारं माणूस ऐकलं, की मधे चार पावत्यावाले यायचे आणि मन ठिकाणावर यायचं. आता आमच्यापर्यंत पोचायचं ते फक्त चिडलेलं, गोंधळलेलं नाहीतर रडणारं माणूस, तेही मधुराशी झटून दमलेलं. आणि कॉल किती वेळात संपवायचा, किती शांतता चालेल, हे माप मात्र सोप्या कॉलच्या वेळचंच राहिलं. डेस्कवरच्या सगळ्यांचे गुण घसरले. दोघी बायकांनी काम सोडलं. सुभेदार म्हणाले, "सुनंदाताई, सगळेच जखमी यायला लागले तर दवाखान्याची वेळ तीच कशी ठेवता?" मी ते वरती लिहून पाठवलं. उत्तर आलं, नोंद घेतली आहे.

अशातच तो कॉल झाला. मी तो दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकला. बाई जत तालुक्यातल्या. नाव मी इथे बदलते, कमळाबाई म्हणू. बोली ऐकताच मी सावरून बसले, कारण ती आमच्या मिरजेच्या बाजारात ऐकू येणारी होती.

शर्वरीने ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. "नमस्कार, मी शर्वरी. मी आपली काय मदत करू शकते?"

"आता ही दुसरी आली व्हय? बाई, तू तरी खरी हैस का?"

"हो, मी शर्वरी बोलतेय. आपला पॉलिसी क्रमांक सांगता का?"

"तीबी असंच म्हनली. तिनंबी नाव सांगितलं. मी म्हनलं, आमचं मालक वारलं. तर म्हनली, तुमच्या दुःखात आम्ही हाय, आन् मालकास्नी फोन द्या. मालकास्नी कुठनं फोन देऊ गं?"

ओळख पटवण्यासाठी पॉलिसीधारकाशी बोलायला हवं, असा मधुराचा नियम. शोक व्यक्त करण्याचं वाक्य वेगळं आणि ओळखीचं वाक्य वेगळं. दोन्ही मीच तपासली होती आणि दोन्हींत एक काना-मात्रा चुकीची नव्हती.

शर्वरीने तक्त्यातलं वाक्य म्हटलं, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"बघ! त्येच!" बाईंचा आवाज फाटला. "त्येच बोलतीस तूबी. मला मानसाशी बोलायचं हाय गं. मानूस न्हाई का कुनी तिथं?"

"मी माणूस आहे, काकू."

"मग सांग, गाव कुठलं तुझं?"

मी हेडसेट घट्ट धरला. ऐकणारी मी, झालेली गोष्ट कालची, तरी मनात म्हणत होते, सांगू नकोस.

शांतता बरीच लांबली. त्या शांततेत मागे कुणाच्या तरी घरातली कोंबडी ओरडली, ती अजून माझ्या कानात आहे.

"बागबाजार," शर्वरी म्हणाली.

"ह्ये कुठं आलं?"

"कोलकात्याला. उत्तरेला. गंगा आहे जवळ."

"अगं बया! इतक्या लांब? मराठीच न्हवं तू?"

"बाबा मराठी. मी इथेच जन्मली... जन्मले. माझं मराठी चुकतं जरा."

"चुकू दे की. ती पयली एकबी चुकत न्हवती. म्हनून तर भ्या वाटलं मला." बाईंनी नाक शिंकरलं. "आई हाय का?"

"आहे."

"तिला जप. आता लिही बाई, मालकांचं नाव सांगते."

आणि मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. मध्ये रडल्या, थांबल्या, पुन्हा सांगितलं. शर्वरीने कुठले कागद लागतील, ते कुठे मिळतील, तालुक्याला कुणाला भेटायचं हे एकेक करून समजावलं आणि बाईंकडून परत म्हणवून घेतलं. इतकं चोख काम मी क्वचित ऐकलं होतं. पूर्ण कॉल मी पुन्हा ऐकला, आणि मग तक्ता उघडून शून्य दिलं.

नियम तो नियम. तो मास्तरांच्या खात्यावरून आलेला होता. एकीसाठी मी तो वाकवला असता तर उद्या कुणाकुणासाठी वाकवावा लागला असता, आणि मग मी परीक्षक कसली? पण खरं सांगते, ते शून्य देताना मला माझ्या नोकरीचा पहिल्यांदा राग आला. त्या शून्याने शर्वरीची सरासरी खाली जाणार होती आणि महिनाअखेरीस तिचा करार संपणार होता. तिच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. आणि तिच्याशी मराठी बोलणारंही.

कँटीनमध्ये मी तिला स्वतः सांगितलं. ती ताडकन उठली. तिला मराठीत रागावता येत नाही, राग आला की बंगालीवर जाते. "काकू, आमी की कोरताम? काय करायचं होतं मी? आधारकार्ड दाखवायचं होतं फोनवर?"

"बस जरा."

"ती मला माणूस म्हणून विचारत होती. तुमच्या तक्त्यातलं प्रत्येक वाक्य मधुरा बोलून बसली आहे. माझ्याकडे माझं म्हणून काय राहिलं? एक बागबाजार राहिलं होतं. ते दिलं."

मी चहा पुढे सरकवला. तिने तो घेतला नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि माझं शून्यही बरोबर होतं. ही दोन्ही बरोबर असतील तर चूक तिसरीकडे कुठेतरी होती, एवढं मला त्या टेबलावर बसून कळलं.

आमच्याकडे दर आठवड्याला एक बैठक होते. सगळ्या भाषांचे परीक्षक एकच कॉल ऐकतात, स्वतंत्रपणे गुण देतात आणि मग ताडून पाहतात, की सगळ्यांचा गज एकसारखा आहे ना. मुंबईहून विमा कंपनीचे अधिकारी पडद्यावर हजर असतात. त्या आठवड्याचा कॉल निवडायची पाळी माझी होती. मी हाच निवडला. इतरांना मराठी येत नव्हतं, त्यांना यंत्राने केलेलं भाषांतर दिलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि पटापट शून्यं टाकली. अनिर्बाण म्हणाले, "सुनंदादी, यात चर्चा काय? शहर सांगितलं, फेटल."

पडद्यावर पाटणकर होते. मराठी, पण बैठकीत कधी इंग्रजीखाली न उतरणारे. ते म्हणाले, "मॅडमनी स्वतःही शून्यच दिलंय. मग हा कॉल का ऐकवला?"

"शून्य नियमाप्रमाणे आहे," मी म्हटलं. "माझी तक्रार नियमाबद्दल आहे. हा नियम लिहिला तेव्हा फोनवर माणूस आहे, यात कुणाला शंका नव्हती. मधुरा आली आणि ती शंका आपण निर्माण केली. आता माणूस असल्याची खात्री पटवणं हे आमच्या कामातलं पहिलं काम झालंय. निकषांत त्याचं नावही नाही. उलट जी पटवते, तिला आपण शून्य देतो."

"पण मॅडम, माणूस असणं मोजणार कसं? मोजता आलं पाहिजे ना?"

"जत तालुक्यात मोजतात तसं. गाव विचारतात आणि उत्तर ऐकतात. आज भाषांतर वाचू नका. फक्त ऐका."

मी कॉल पुन्हा लावला. कुणाला शब्द कळत नव्हते, पण ती लांबलेली शांतता आली आणि तिच्यानंतर बाईंचा आवाज जो उतरला, सैल झाला, तो सगळ्यांना कळला. तमिळ डेस्कच्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला. कॉल संपला तरी कुणी बोलेना. मी ते थांबणं तोडलं नाही.

शेवटी पाटणकर चक्क मराठीत म्हणाले, "सुनंदाताई, तुमचं गाव कुठलं?"

"मिरज. तुमचं?"

"कणकवलीजवळ."

अनिर्बाणना तेवढं कळलं. त्यांनी टेबलावर हात आपटला. "फेटल! दोघांनाही शून्य!" मग सगळेच हसले.

तो कॉल शर्वरीच्या सरासरीतून वगळला गेला. तिचा करार चालू राहिला आणि प्रमाणपत्र मिळालं, ते तिच्या आईने वडिलांच्या फोटोशेजारी लावलंय. नियम बदलायला वेळ लागला. गिऱ्हाइकाने आपणहून विचारलं तर शहराचं नाव सांगावं, साहेबांचं किंवा इमारतीचं सांगू नये, एवढी ओळ लिहायला आम्ही किती बैठका घेतल्या, ते विचारू नका. मधुरालाही मी एक नवं वाक्य लिहून दिलं, ‘मी यंत्र आहे. माणसाशी बोलायचं असल्यास तसं सांगा.’ तिच्यासाठी लिहिलेलं माझं ते शेवटचं वाक्य, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगलं.

इथे ही हकीकत संपली असती तर मी स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण कारखाना कुठलाही असो, गज दिला की माणसं गजाला काम दाखवतात. नव्या तक्त्यात ‘माणूस असल्याची खात्री’ या रकान्याला दोन गुण होते. झालं. पुढच्या महिन्यापासून सगळ्या डेस्कवर नमस्काराच्या पाठोपाठ एका दमात सुरू झालं, "मी अमुक, कोलकात्याहून बोलतोय, मी माणूस आहे, आपली काय मदत करू शकतो?" कुणी विचारलेलं नसताना. गिऱ्हाईक गोंधळून विचारायचं, "हे रेकॉर्डिंग आहे का?" मी कपाळाला हात लावला. आणि ते दोन गुण नेमाने कुणाचे जायचे? शर्वरीचे. ती विचारल्याशिवाय गावाचं नाव काढत नसे. मी म्हटलं, "अगं, सांगून टाकत जा, दोन गुण आहेत." ती म्हणाली, "काकू, गाव असं वाटत सुटतात का?" मी तिच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहू लागले. तशी सोय तक्त्यात होती, फक्त कुणी वापरत नव्हतं.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी शर्वरी हेडसेट गळ्यात अडकवून माझ्या टेबलाशी आली. चेहरा विचित्र झाला होता, हसतेय की रडतेय कळेना. म्हणाली, "काकू, मधुराकडून आलेला एक कॉल ऐका." यंत्राला काही कळलं नाही की ते संभाषण लिहून पुढे पाठवतं. पडद्यावर लिहिलं होतं, ‘ग्राहकाची मागणी: बागबाजारची पोरगी द्या. बागबाजार शाखा आढळली नाही. कॉल प्रतिनिधीकडे वर्ग.’

कमळाबाई होत्या. दाव्याचं काम केव्हाच पार पडलं होतं. कागद पोचले होते, मंजुरी झाली होती, आता कंपनीकडे त्यांचं काहीच काम नव्हतं. फोन सुभेदारांनी उचलला होता. त्यांनी दोनदा विचारलं, काय मदत करू, आणि दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "तुमी न्हाई. बागबाजारची." मग त्यांनी तो शर्वरीला दिला.

"काम कायबी न्हाई गं," बाई सांगत होत्या. "त्या दिवशी रडतच हुते, नीट बोलनं झालं न्हाई. आमच्या हितं टीव्हीवर दावलं, कोलकात्याला लई पानी आलंय. म्हनलं, पोरीचं घर गंगंच्या काठाला हाय. बघावं इचारून. पानी न्हाई न्हवं आलं घरात?"

"नाही, काकू. गल्लीत आलं होतं. उतरलं."

"आई बरी हाय?"

"बरी आहे."

"झालं तर मग. ठेवते."

एवढाच कॉल. मी हेडसेट काढला आणि पुसत बसले, पुसण्यासारखं त्याला काही नव्हतं. ज्या मुलीला सगळं मंडळ मिळून विचारायचं, ते राहता गं, गाव कुठलं, तिच्या गल्लीत पाणी आलं का याची काळजी जत तालुक्यात कुणीतरी करत होतं. यंदा गणपतीला ती आली होती. एका नव्या वहिनींनी तिला विचारलं, तेव्हा मी जवळच उभी होते. ती म्हणाली, "बागबाजार," आणि प्रसादाचं ताट घेऊन पुढे गेली.

आमचा मराठी डेस्क आता फार लहान झालाय. मधुरा रोज काहीतरी नवीन शिकते आणि एक खुर्ची रिकामी होते. हे कुठवर चालेल ते मला माहीत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं हे लपवत नाही.

पण त्या दुपारी शर्वरी हलेना. कॉल संपला की त्याचं कारण निवडावं लागतं, त्याशिवाय पुढचा कॉल येत नाही. तिने पडद्यावरची यादी मला वाचून दाखवली. दावा, हप्ता, पत्ताबदल, तक्रार, इतर.

"काकू, यात काय निवडू?"

"‘इतर’ निवड," मी म्हटलं. "बाकीचं सगळं मधुरा करते."